कुणाचा पोटमाळा, कुणाचा लॉफ्ट?

गेल्या गणपतीत माझी भाची माणगावला आली होती. लोअर परळला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती नोकरी करते. ते ऑफिस जुन्या गिरणीच्या आवारात आहे. रात्री जेवणं उरकल्यावर ओटीवर बसून ती आम्हाला मोबाइलवर फोटो दाखवत होती. परदेशातल्या एका जुन्या कारखान्यात केलेलं घर होतं ते. दोन मजले मावतील एवढं उंच छत, प्लास्टर नसलेल्या विटांच्या भिंती, लोखंडी खांब, भिंतभर खिडक्या. आत एकही आडभिंत नाही. बसणं, झोपणं, स्वयंपाक, सगळं त्या एकाच मोकळ्या दालनात.

"मावशी, याला लॉफ्ट म्हणतात," ती म्हणाली. "आता आपल्याकडेही लोकांना असंच हवं असतं. नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतात आणि भिंतीवर विटा दिसतील असं करून द्या म्हणतात."

माझी आई शेजारीच बसली होती. तिने ऐंशी पार केली आहे. फोटो डोळ्यांजवळ नेऊन तिने नीट पाहिला आणि म्हणाली, "लॉफ्ट म्हंजे पोटमाळाच ना गो? आमच्या लालबागच्या खोलीत होता की. पन त्यात उभं राहता येत नव्हतं."

आम्ही सगळ्या हसलो. पण आईचं बोलणं मनातून जाईना. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोन बायका बसल्या होत्या, आजी आणि नात. दोघींच्या मध्ये गिरणगावाचा अख्खा इतिहास होता, आणि त्या इतिहासात बायकांची गणती फार थोड्या ठिकाणी झाली आहे. म्हणून हा लेख.

आईचा पोटमाळा आधी सांगते. लग्नानंतर ती जेमतेम दोन वर्षं मुंबईला होती. वडील गिरणीत विणकाम खात्यात. दहा बाय बाराची खोली, तिच्यात दोन दीर, एक जाऊ, तिची मुलं आणि गावचा एक पाहुणा कायमचा. नवीन जोडपं म्हणून यांना पोटमाळा मिळाला. रात्री शिडी लावून वर जायचं, सकाळी सगळ्यांच्या आधी खाली उतरायचं. वर बसलं तरी डोक्याला तुळई लागायची. खाली कोण जागं आहे, कोण खोकतंय, सगळं ऐकू यायचं. म्हणजे आपलंही खाली ऐकू जाणार, या धास्तीने आई दोन वर्षं मोठ्याने बोलली नाही. पोटुशी राहिली तेव्हा शिडी चढवेना, म्हणून तिला माणगावला पाठवलं. ती पुन्हा मुंबईला राहायला गेली नाही.

आईसारख्या हजारो बायका. आपल्याकडे घरटी एक चाकरमानी. तळकोकणाप्रमाणेच महाड, माणगाव, पोलादपूर, म्हसळा या आपल्या भागानेही मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवली. पुष्कळ पुरुष गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत राहत. एकेका खोलीत वीस-वीस जण, भिंतीला ट्रंका, पाळ्या बदलतील तशा वळकट्या उलगडायच्या आणि गुंडाळायच्या. त्या खोलीत बाईला जागाच नव्हती.

बाई गावी राहिली, म्हणजे ती काय करत होती? 'घरीच असते' असं म्हणायची पद्धत आहे. घरी असणाऱ्या माझ्या आईने राब भाजला, लावणी केली, कापणी-झोडणी केली, डोंगरावर नाचणी-वरी घेतली, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, चार मुलं वाढवली. दिवाळीनंतर तांदळाचं पोतं बांधून एसटीच्या टपावरून मुंबईला धाडलं. वडिलांची मनीऑर्डर यायची हे खरं, पण कधी यायची, कधी नाही. तांदूळ मात्र न चुकता जायचे. एवढ्या पगारात मुंबईत जगणं गिरणी कामगाराला परवडत होतं, कारण त्याच्या कुटुंबाच्या पोटाचा अर्धा भार गावची बाई उचलत होती. मालकाला जो मजूर स्वस्त पडला, त्या स्वस्ताईत माझ्या आईचे श्रम आहेत. ते कुठल्याही हजेरीपटावर नाहीत.

मुंबईत राहिलेल्यांचं काय? तिथेही बायका होत्या, आणि गिरणीच्या आतसुद्धा होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. त्यांच्यावर नायकीण असायची. १९२८-२९ च्या संपांत उषाताई डांगे यांच्याबरोबर या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढच्या काळात पार्वतीबाई भोर यांच्यासारखी कामगार बाई पुढारी झाली. मग बायका गेल्या कुठे? १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याची बाजू मांडली होती. कायदा बायकांसाठी होता, पण बाई म्हणजे खर्च, असा हिशेब मालकांनी केला. रात्रपाळीला बायकांना बंदी होतीच. नवी यंत्रं आली, खाती कमी केली, की पहिली कुऱ्हाड बायकांच्या खात्यांवर. पुरुष कामगारांच्या संघटनांनीही त्यासाठी फारसा आवाज उठवला नाही. १९७० च्या दशकापर्यंत गिरणीतली बाई औषधापुरती उरली. तेव्हा गिरण्या १९८२ साली रिकाम्या झाल्या असं आपण म्हणतो, ते पुरुषांपुरतं खरं आहे. बायकांसाठी त्या त्याआधी पन्नास वर्षांपासूनच रिकाम्या होत चालल्या होत्या.

गिरणीबाहेर खानावळवाल्या होत्या. एकेक बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जणांचं दोन वेळचं जेवण रांधायची. महिन्याच्या पगारावर उधारी. संप झाला की कामगार गावी निघून जायचा आणि वाण्याचं देणं बाईच्या डोक्यावर राहायचं. १९७४ च्या संपात या बायका कर्जात बुडाल्या. त्यातूनच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. नाहीतर कोणी त्यांना 'कामगार' म्हणायलाही तयार नव्हतं.

आता त्या उंच छताकडे येऊ. भाचीला त्या फोटोतला उजेड फार आवडला. मुंबईच्या गिरण्यांची छपरंही अशीच, करवतीच्या दात्यांसारखी, उत्तरेकडे काच असलेली. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि बारीक धागा दिसतो. छत उंच, कारण वरून पट्टे फिरायचे. खिडक्या मोठ्या, पण त्या उघडायच्या नाहीत. हवा दमट राहिली नाही तर धागा तुटतो. त्या मोकळ्या दालनात धाग्याची सगळी सोय होती. माणसाच्या वाट्याला दमट उकाडा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि छातीत साठणारा कापसाचा तूस. माझे वडील खोकतच म्हातारे झाले. आणि ते दालन सगळ्यांना मोकळंही नव्हतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून दलित कामगारांना विणकाम खात्यात वर्षानुवर्षं शिरू दिलं जात नसे. ज्या खात्यात पगार जास्त, तिथे विटाळ आडवा. आमच्याच तालुक्यातली बौद्धवाडीतली माणसं सूतकताईच्या खात्यात राबली, माझे वडील विणकामात. एकाच गावचे, एकाच गिरणीत. ही जातीची भिंतही तेव्हा त्या दालनात होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरी वडील ट्रंक घेऊन परत आले, एवढंच मला आठवतं. आईने त्या वर्षी दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीला जायला सुरुवात केली.

योगायोग असा, की त्याच १९८२ साली अमेरिकेत शॅरॉन झुकिन या अभ्यासक बाईंचं 'लॉफ्ट लिव्हिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कपड्यांचे, खोक्यांचे छोटे कारखाने होते. तिथे काम करणाऱ्यांत बाहेरून आलेल्या, गौरेतर, गरीब बायका पुष्कळ होत्या. मग चित्रकार, शिल्पकार स्वस्त जागेसाठी त्या कारखान्यांत राहायला आले. त्यांच्यामागून पैसेवाले आले. भाडी चढली, उरलेसुरले कारखाने हलले. झुकिनबाईंचं म्हणणं थोडक्यात असं, की कारखाने आपोआप मेले आणि मग कलावंतांनी पडीक जागा सजवली, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. जमिनीत पैसा गुंतवणारे आणि सरकारी धोरण यांनी मिळून तो बदल घडवला. 'रिकामी जागा' ही रिकामी केलेली जागा असते.

आपल्याकडे हे कसं झालं? १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. कागदावर चांगला नियम. पण जुनी शेड तशीच उभी ठेवून आत दुसरा वापर सुरू केला तर जमिनीचा वाटा देण्याची वेळ टळते, हे मालकांच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून काही गिरण्यांची छपरं, चिमण्या राहिल्या आणि आत ऑफिसं, स्टुडिओ, दुकानं, हॉटेलं आली. फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या मधोमध उभी आहे. रघुवंशी मिलच्या आवारात घर सजवण्याच्या महागड्या वस्तू मिळतात. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करा असं सांगितलं, ते बाजूला पडलं. २००१ साली नियमच बदलला. वाटणी करायची ती फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची, इमारतीखालच्या जमिनीची नाही. सुमारे सहाशे एकरांतून लोकांच्या वाट्याला येणारा तुकडा आक्रसला. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणीच्याच इमारतीत राहती घरं मुंबईत फारशी झाली नाहीत. बहुतेक ठिकाणी गिरणी पाडून टॉवर उठले. त्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना आता खोट्या विटांची भिंत हवी आहे!

माझा जुन्या इमारती जपायला विरोध नाही, हे स्पष्ट करते. चिमणी पाडून टाकली असती तर आमच्या बापजाद्यांची शेवटची खूणही गेली असती. उलट मी म्हणते, ती शेड आणखी जपा, पण आत काय होणार हे कोण ठरवणार? त्या उंच छताखाली नोकरदार बायकांचं वसतिगृह झालं असतं. पाळणाघर, खानावळवाल्यांचं सामायिक स्वयंपाकघर झालं असतं. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला चार महिने टेकायला जागा झाली असती. यातलं काय झालं?

बायका त्या आवारात परत आल्या आहेत, पण कशा? साफसफाईच्या कंत्राटात, दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या विक्रेत्या म्हणून, माझ्या भाचीसारख्या रात्री नऊपर्यंत कॉम्प्युटरवर. ज्या बाळंतपणाच्या रजेसाठी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी लढाई झाली, ती कंत्राटातल्या बाईला आजही मागायची सोय नाही. मागितली की पुढच्या महिन्यात नाव गळतं. आणि २९ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र आपण विसरू नये. कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली. चौदा माणसं गेली, त्यांत अकरा बायका. त्या मजा करायला गेल्या होत्या, म्हणून आपलं त्यांच्याशी काही नातं नाही असं मला वाटत नाही. बाहेर पडायला धड वाट नसलेल्या जागेत बाई गुदमरते, मग ती खाली काम करणारी असो की वर जेवायला आलेली.

आता घराचा प्रश्न, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले. जून २०१२ मध्ये पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरं निघाली. याच श्रीनिवास मिलच्या जमिनीवर देशातल्या अतिउंच टॉवरांपैकी एक उभा आहे. पनवेलजवळ कोनला २०१६ च्या सोडतीतली घरं लागली, पण चाव्या मिळायला २०२३ उजाडलं. २०२४ साली सरकारने शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरांची योजना काढली. वांगणी ठाणे जिल्ह्यात, शेलू आमच्या रायगडात, कर्जत तालुक्यात. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानावर कामगार आणि त्यांची म्हातारी कुटुंबं जमली, ती 'घर मुंबईतच हवं' म्हणून. त्या गर्दीत लुगड्यातल्या बायका किती होत्या!

ही मागणी माझीही आहे. पण मला तिच्या आतला एक प्रश्न विचारायचा आहे. घर मिळालं तर कागदावर नाव कोणाचं?

आमच्या घरचीच गोष्ट सांगते, दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवू? वडील गेल्यावर अर्जावर वारस म्हणून थोरल्या भावाचं नाव घालायचं ठरलं. कोणी ठरवलं? ते ठरलेलंच असतं. आम्हा बहिणींपुढे 'हरकत नाही' असं लिहिलेला स्टॅम्पपेपर आला. कोकणात हक्कसोड म्हणजे जणू माहेरच्या साडीची पावतीच. सही केली नाही तर माहेर तुटलं. आईला तर कोणी विचारलंही नाही. एका कार्यालयात मी तिला चौकशीला घेऊन गेले, तेव्हा खिडकीवरचे साहेब मला आणि तिला पाहून म्हणाले, "आजी, बरोबर कोणी पुरुष माणूस नाही आला का?" आई मुकाट्याने परत फिरली. मी मात्र फिरले नाही. भांडून माहिती घेतली. नवऱ्यामागे बायको ही पहिली वारस आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना सारखा वाटा आहे. मग आईचं नाव पहिलं का नाही?

भाऊ वाईट नाही. पण तो म्हणाला, "ताई, तू बाहेर संघटना कर, घरात कशाला आणतेस? आईला या वयात घर काय करायचंय?" मला त्याचं उत्तर लगेच सुचलं नाही. रात्री आईलाच विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला काय करायचंय, ते मला कोनी इचारलंय का कधी? दोन वर्सं त्या माळ्यावर गेली, बाकीची सासऱ्याच्या घरात. आता तुझ्या भावाच्या घरात. घर मिळू दे नायतर नको मिळू दे, कागदावर माझं नाव घाला."

मी अजून सही केलेली नाही. भावाशी बोलणं जरा तुटलंय. बहीण म्हणते, कशाला वाकडेपणा, घर तर लागू दे आधी. तिचंही खोटं नाही. कदाचित सोडतीत आमचा नंबर लागणारच नाही. पण घर लागल्यावर नाव बदलत नाही, हे मी गेली तीस वर्षं बायकांच्या केसेसमध्ये पाहते आहे. नाव घालायची वेळ आधीच असते.

आपल्या चळवळीला हे नवीन नाही. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि गावोगाव बायकांच्या नावावर जमिनीचा तुकडा लिहून दिला गेला. १९९४ च्या राज्याच्या महिला धोरणाने मालमत्तेत बाईचं नाव हवं हे मान्य केलं. मग गिरणी कामगारांच्या घरांच्या लढ्यात ही मागणी ठळक अक्षरांत का नाही? पुढाऱ्यांना आपण विचारलं पाहिजे. 'आधी घर मिळू दे, मग बायकांचं बघू' हे उत्तर आपण फार वेळा ऐकलं आहे.

म्हणून माझी सूचना अशी. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, जिथून जिथून माणसं गिरणीत गेली तिथल्या गटांनी आपापल्या गावातल्या अर्जांची यादी करावी. अर्जदार कोण, कामगाराची बायको हयात आहे का, वारस म्हणून कोणाचं नाव आहे, मुलींकडून सह्या घेतल्या का, एवढं लिहून काढावं. माणगावात आम्ही सुरुवात केली आहे. पहिल्या तीन वाड्यांतच पुष्कळ काही कळलं. हयात बायकोचं नाव पहिलं, आणि पुढे मुलाच्या नावावर होणार असेल तर सुनेचंही नाव बरोबरीने, ही मागणी कामगार संघटनांच्या व्यासपीठावरून व्हायला हवी. शिवाय ज्या खानावळवाल्या आणि गिरणीतल्या बायका अजून आहेत, त्यांच्याकडून ऐकून घेऊन लिहून ठेवायला हवं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून तिथला इतिहास गोळा केला. गावाकडे राहिलेल्या बायकांचा इतिहास आपण गोळा करायचा आहे.

भाचीला मी सांगितलं, तुमच्या ऑफिसात गिरणीच्या भिंतीवर विटा दिसतात ना, त्या विटांकडे बघताना आजीचं तांदळाचं पोतं आठव. ती हसली. पण परत जाताना तिने आजीला पोटमाळ्याची उंची नेमकी किती होती ते विचारून वहीत लिहून नेलं. साडेतीन फूट.